लोणकर सरांची खिडकी

लोणकर सर दार हातानं वाजवत नसत, अंगठीनं वाजवायचे. उजव्या हाताची करंगळी वाकवायची आणि तिच्यातली लोखंडी अंगठी दारावर आपटायची. टक टक. मग जरा थांबून आणखी एक टक. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही भाड्यानं राहायचो. एका खोलीत मी आणि माझी बायको सुरेखा, दुसऱ्या खोलीत पूर्वा नावाची नागपूरची पोरगी. तो आवाज आला की सुरेखा कढईवर झाकण टाकायची, पूर्वा कानातले इअरफोन काढायची आणि मी पोट आत घ्यायचो. पोटाचा आणि सरांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मास्तर दिसला की मी आक्रसतो, इतकंच. नववीत मी इतकी वर्षं काढली की शेवटी शाळेचा शिपाई मला अहो-जाहो करायला लागला होता.

ती अंगठी इथल्या इंजिनियर लोकांची असते. कॅनडात इंजिनियरिंग संपलं की पोरांना एका हॉलमध्ये नेऊन शपथ देतात आणि करंगळीत ही अंगठी घालतात. पुढं कधी ड्रॉइंगवर सही करायला हात टेबलावर ठेवला की ती घासावी आणि आठवण व्हावी, की बाबा, आपली चूक झाली तर माणसं मरतील. कल्पना चांगलीच आहे. सरांची अंगठी मात्र कशावर सही करताना घासलेली मी कधी पाहिली नाही. दार, टेबल, चहाचा मग, गाडीचं स्टिअरिंग, यांवर वाजायची. एकदा माझ्या कपाळावरसुद्धा वाजली, पण तेव्हा मी मधेच बोललो होतो.

सर मूळचे पुण्याचे. हॅमिल्टनपासून तासाभरावर एक गाव आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे. गावाचं नाव सांगत नाही, सर अजून तिथंच आहेत. त्यांचा विषय एथिक्स. शेवटच्या वर्षाच्या इंजिनियरिंगच्या पोरांना हा विषय पास व्हावाच लागतो, त्याशिवाय डिग्री नाही आणि अंगठीही नाही. पूल कसा बांधायचा ते बाकीचे प्रोफेसर शिकवायचे. पूल पडल्यावर कसं बोलायचं ते लोणकर सर शिकवायचे.

त्यांचं एक वाक्य होतं. "प्रश्न बरोबर की चूक हा नसतोच शंकरराव, प्रश्न प्रोसेसचा असतो." हे ते कशालाही लावायचे. नळ गळतोय म्हणून सांगायला वर गेलं, तर आधी मला खुर्चीत बसवायचे आणि विचारायचे, "यात स्टेकहोल्डर कोण कोण?" मला आधी वाटलं ते प्लंबरचं नाव विचारतायत. मग समजावलं त्यांनी. नळ गळतो तेव्हा मी स्टेकहोल्डर, ते स्टेकहोल्डर, महानगरपालिका स्टेकहोल्डर, आणि तळ्यातले मासेसुद्धा स्टेकहोल्डर. माशांपर्यंत पोचलो तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे आभार मानून खाली आलो. सुरेखा म्हणाली, "नळाचं काय झालं?" मी म्हटलं, "नळ राहू दे, मोठा विषय आहे." ती बादली ठेवून ड्युटीला गेली. वृद्धाश्रमात काम करते ती, म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ-माखू घालायचं. तिच्याच व्हिसावर मी इथं आलो. लोक कॅनडात डिग्री घेऊन येतात, मी बायकोच्या पाठोपाठ सामानासारखा आलो.

सरांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. एकदा बर्फाच्या दिवसांत आम्ही त्यांच्या गाडीतून ग्रोसरीला गेलो. घरी येऊन पिशव्या उघडल्या तर आल्याचा एक तुकडा, अंगठ्याएवढा, बिलात लागलाच नव्हता. सरांचा चेहरा पडला. म्हणाले, "शंकरराव, जाकीट घाला." तसल्या रस्त्यावर घसरत घसरत आम्ही परत गेलो. काउंटरवरच्या पोरीला सरांनी आलं दाखवलं आणि चूक समजावून सांगितली. तिच्यामागे मोठी रांग. ती म्हणाली, "इट्स ओके सर, कीप इट." तर म्हणाले, "इट्स नॉट अबाउट द जिंजर." मला शेजारी उभं केलं होतं, साक्षीदार म्हणून. रांगेतला एक म्हातारा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही आलं मीच ढापलंय. तोंडच तसं आहे माझं, त्याचा राग नाही. पण नंतर कळलं की दर वर्षी पहिल्या आठवड्यात सर वर्गात ही गोष्ट सांगतात, आणि त्यात गाडीत बसलेला एक माणूस म्हणतो, "जाऊ द्या ना सर, एवढंसं आलं." तो माणूस मी. मी असं काहीही म्हटलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं, हीटर वाढवू का.

त्या तोंडामुळेच मला युनिव्हर्सिटीत काम मिळालं. सर एकदा खाली आले, टक टक, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "शंकरराव, तुमच्या चेहऱ्यात आहे ते."

"काय सर?"

"करप्शन. म्हणजे तसं नव्हे हं. रिप्रेझेंटेशन चांगलं होईल."

तर वर्गात मी काँक्रीटचा कॉन्ट्रॅक्टर व्हायचो. टाय लावायचा, हातात पाकीट, पाकिटात पिझ्झाची कुपनं. पोरं एकेक करून समोर बसायची आणि मी पाकीट सरकवायचो. "मॅडम, यू साइन, आय हॅपी, यू हॅपी." एवढंच माझं इंग्रजी, आणि सर म्हणाले तेवढंच पुरे, उलट जास्त ऑथेंटिक वाटतं. पोरांनी मग चार गोष्टी करायच्या. श्वास घ्यायचा. आपल्याला काय वाटतंय ते सांगायचं. पब्लिक सेफ्टी हा शब्द उच्चारायचा. आणि हे मी लिहून ठेवीन म्हणायचं. प्रत्येकाचे वेगळे मार्क. हुशार पोरं ती. सगळी एकसारखी पाठ करून आलेली, "आय हिअर यू, बट आय हॅव कन्सर्न्स." पाकिटाकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. त्यात काय आहे, कशासाठी आहे, मला कसली सही पाहिजे, कुणालाही देणंघेणं नव्हतं. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. सुरेखानं कचरा बाहेर ठेवायला सांगितला तेव्हा मी म्हटलं, "आय हिअर यू, बट आय हॅव कन्सर्न्स." तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

पण शेवटी टाळ्या वाजायच्या. टायरच्या दुकानात काम करतो मी, थंडी आली की गाड्यांना बर्फाचे टायर घालायचे, संपली की काढायचे. तिथं कुणी टाळ्या वाजवत नाही. नळ गळो नाहीतर काय होवो, ते बेसमेंट मी सोडलं नाही ते या टाळ्यांपायी. सुरेखाला मी वेगळं कारण सांगायचो. तिला खरं माहीत होतं.

त्या वर्षी सरांच्या वर्गात पूर्वा होती. आमच्याच बेसमेंटमधली. ती समोर बसली, मी पाकीट सरकवलं, यू साइन, आय हॅपी. तर ही श्वासबीस काही घेईना. मला विचारते, "व्हॉट इज राँग विथ द काँक्रीट?"

तिथपर्यंत मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी सरांकडे वळून मराठीत विचारलं, "सर, काँक्रीटला काय झालंय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. अंगठी टेबलावर, टक टक. "पूर्वा, वी डोंट गो इन्टू डिटेल्स. धिस इज अ कम्युनिकेशन एक्सरसाइझ." आणि तिचे मार्क कापले. श्वास न घेतल्याचे आणि पब्लिक सेफ्टी न म्हटल्याचे.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "काका, तुम्ही कशासाठी पाकीट देऊन राहिले तेच माहीत नाही, तर मी नाही कशाला म्हणू?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस, मी नववी नापास."

"मी पण नापास होते वाटतं आता," ती म्हणाली.

हे ती हसत म्हणाली खरी, पण तिच्यासाठी ती हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. पार पश्चिम किनाऱ्याकडच्या कोक्विटलाम गावातल्या एका कंपनीनं तिला नोकरी दिली होती, पण डिग्री हातात आली तरच. नापास झाली तर आणखी एक टर्म, तिची फी, व्हिसाची वाढ, आणि तोवर कंपनी काय थांबते? नागपूरला तिच्या बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं. एवढं सगळं एका एथिक्सवर अडकलेलं.

आणि ती काही सरांची लाडकी नव्हती. पहिल्याच तासाला सर पोरांना सांगतात की ही अंगठी एका पडलेल्या पुलाच्या लोखंडापासून बनवलीय. पोरांच्या अंगावर काटा येतो. पूर्वानं शोधून काढलं की ती नुसती दंतकथा आहे, पुलाचं लोखंड वगैरे काही नाही, आणि पुढच्या तासाला हात वर करून विचारलं. सर म्हणाले, "फॅक्ट नसेल, पण त्यात व्हॅल्यू आहे." पुढच्या बॅचला परत तेच सांगितलं. म्हणजे खरं बोलायचं शिकवायच्या कोर्सची सुरुवात थापेनं, आणि ती थाप आहे हे मास्तरला माहीत. मी अशिक्षित आहे म्हणून कदाचित मला ते जास्त लागलं असेल. आमच्या शाळेत मास्तर निदान न कळून चुकीचं शिकवायचे.

आता बेसमेंटचं सांगतो. जिना एकच, तो वर सरांच्या स्वयंपाकघरात उघडायचा. जिन्याच्या पायथ्याशी आमची शेगडी. म्हणजे शेगडीनं पेट घेतला तर जिना बंद. मग राहिली खिडकी. दोन्ही खोल्यांत छताजवळ एकेक खिडकी होती, पत्र टाकायला पोस्टाच्या पेटीला असते तशी, जरा मोठी. नियम असा आहे, की ज्या खोलीत माणूस झोपतो तिच्या खिडकीतून माणूस बाहेर पडता आला पाहिजे. हा नियम मला पूर्वानं सांगितला. तिला कुणी सांगितला, तर एथिक्सच्या पुस्तकानं. पुस्तक सरांनीच लिहिलेलं.

छताला धुराचा अलार्मही होता. सुरेखानं मिरचीची फोडणी दिली की तो बोंबलायचा. एकदा सर खाली आले, स्टुलावर चढले आणि त्याची बॅटरी काढून खिशात टाकली. म्हणाले, "फॉल्स अलार्ममुळे लोकांचा सिस्टिमवरचा विश्वास उडतो." मी मान डोलावली. स्टूल मीच धरलं होतं.

शेवटची असाइनमेंट अशी होती, की तुमच्या आसपासचा एक धोका शोधा, त्याबद्दल लिहा आणि तो कुणाला आणि कसा कळवाल ते सांगा. पोरांनी काय काय लिहिलं. आफ्रिकेतलं धरण, चंद्रावरचा कचरा. पूर्वानं बेसमेंट लिहिलं. मी तिला म्हटलं, "पोरी, तुला दुसरं काही मिळालं नाही?"

"आसपासचा म्हटलंय नं काका. याच्याहून आसपास काय असते?"

सरांनी तिला वर बोलावलं. हीटरच्या गरम हवेचे पाइप सगळ्या घरातून फिरतात, त्यामुळे वरचं बोलणं आमच्या जाळीतून चांगलं ऐकू यायचं. मी आणि सुरेखा जाळीखाली उभे राहिलो. म्हणजे सुरेखा कपडे घडी करत होती, मी उभा राहिलो.

सर म्हणाले, "पूर्वा, पेपर वेल रिटन आहे. पण स्टेकहोल्डर अ‍ॅनालिसिस एकांगी आहे. घरमालकाचा पर्स्पेक्टिव्ह कुठाय?"

"घरमालक तुम्हीच आहात सर."

"ते पर्सनलाइझ करू नकोस." टक टक. "आणि एव्हिडन्स? खिडकीतून माणूस जात नाही हे कशावरून?"

"नियमापेक्षा लहान आहे सर. मी मोजून पाह्यली."

"मोजलंस. ट्राय केलंस का? अ‍ॅन अ‍ॅव्हरेज अडल्ट जाऊ शकत नाही हे तू डेमन्स्ट्रेट केलंयस का?" मग आवाज मऊ झाला. "एखादा जुना पूल घे ना. गाजलेला. पुष्कळ मटेरियल मिळेल. याला मी पास करू शकत नाही. आय से धिस अ‍ॅज युअर वेलविशर."

ती खाली आली. रडलीबिडली नाही. शेगडीशेजारी पायरीवर बसून म्हणाली, "मला एक अ‍ॅव्हरेज अडल्ट पाह्यजे."

मी म्हटलं, "मी आहे की. अ‍ॅव्हरेज नसलो तरी अडल्ट आहे."

सुरेखा म्हणाली, "त्याचीच शंका हाय मला."

शनिवारी दुपारी सर घरी नव्हते. सुरेखा ड्युटीवर. पूर्वानं फोन शेल्फवर उभा करून रेकॉर्डिंग लावलं. मी टेबलावर खुर्ची ठेवून चढलो, खिडकी ढकलली. माझी कल्पना होती की डोकं आणि खांदा बाहेर काढायचा, अडकल्यासारखं करायचं, पुरावा झाला, उतरायचं. डोकं गेलं. एक हात गेला. वाकडं होऊन दुसरा गेला. छाती गेली तेव्हा मला हुरूप आला. खरं सांगतो, त्या क्षणी मी विसरलो की आपल्याला जाता येत नाही हे सिद्ध करायचंय. आयुष्यात कुठली परीक्षा पास होतोय असं वाटलं, ती हीच. जोर लावला. पूर्वानंही मागून लावला. आणि पोट आलं.

पुढं जाईना, मागं येईना. कमरेपासून वरचा मी बर्फात, खालचा मी बेसमेंटमध्ये. आतला हीटर जोरात, त्यामुळे निम्म्या अंगाला घाम आणि निम्मं काकडतंय. पूर्वा पाय ओढत होती आणि सारखी "सॉरी काका, सॉरी काका" म्हणत होती.

तेवढ्यात घराच्या बाजूच्या ड्राइव्हवेत गाडी आली. जमिनीलगत असल्यामुळे मला फक्त बूट दिसले. एक सरांचे, पॉलिश केलेले. दुसरे लाल रबरी, बाईचे. त्या डिपार्टमेंटच्या हेड होत्या, हेलनबाई. सरांचं नाव शिकवण्याच्या एका बक्षिसासाठी जायचं होतं, म्हणून बाईंना चहाला आणलं होतं.

पॉलिशचे बूट थांबले. "शंकरराव?"

"हो सर."

"तुम्ही काय करताय इथे?"

"असाइनमेंट, सर."

लाल बूट धावत पुढं आले. बाई वाकून मला ओढायला हात पुढं करतायत, तर सर मधे आले. मला म्हणाले, "हलू नका, शंकरराव. आधी प्रोसेस ठरवू या."

मी हलतच नव्हतो. तीच तर अडचण होती.

मग सर बाईंकडे वळून इंग्रजीत बोलायला लागले. इतकं छान बोलत होते की क्षणभर माझाही विश्वास बसला. हा माझा अ‍ॅक्टर आहे, माझ्या क्लासमध्ये काम करतो, नव्या रोल-प्लेची रिहर्सल चाललीय, विषय हाउसिंग सेफ्टी. बाई म्हणाल्या, वा, काय कमिटमेंट आहे. मी बर्फातून मान वर करून हसलो. माझी सवय, कौतुक झालं की हसतो.

पण बाईंना काहीतरी खटकलं असावं. माझ्या नाकातून पाणी गळत होतं, ते रिहर्सलमध्ये गळत नाही. त्यांनी विचारलं, "डझ एनीवन लिव्ह डाउन देअर?"

"नो, नो," सर म्हणाले. "स्टोरेज."

माझ्या मागून, म्हणजे माझ्या ढुंगणाच्या पलीकडून, पूर्वाचा आवाज आला. त्याआधी तिचं ‘सॉरी काका’ थांबलं होतं. माझा पाय तिच्या हातात होता आणि ती त्याला घट्ट धरून उभी होती, ते मला कळत होतं. डिग्री, नोकरी, नागपूरची गल्ली, सगळं त्या पायाला लटकलेलं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "आय लिव्ह हिअर. ही लिव्ह्ज हिअर. हिज वाइफ लिव्ह्ज हिअर." श्वास घेतला नाही. कन्सर्न म्हणाली नाही. पब्लिक सेफ्टी म्हणाली नाही.

लाल बुटांचे गुडघे बर्फात टेकले. हेलनबाईंचा चेहरा माझ्या पोटाच्या बाजूच्या फटीशी आला, त्यांनी आत बघितलं. शेगडी बघितली असेल, जिना बघितला असेल, माझी लोंबणारी पँट तर बघितलीच. उठल्या आणि फोन लावला. सर म्हणत होते, "हेलन, लेट्स नॉट एस्कलेट." गाडीच्या बॉनेटवर अंगठी वाजत होती, टक टक टक टक. इतकी भरभर वाजलेली मी कधी ऐकली नव्हती.

फायर ब्रिगेडवाले आले. चांगली धिप्पाड पोरं. त्यांनी चौकटीसकट खिडकी तोडली आणि मला काढलं. एकानं ब्लँकेट दिलं, दुसरा आत गेला. अलार्मचं बटन दाबलं. आवाज नाही. त्यानं सरांना विचारलं, बॅटरी कुठाय. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टूल कसं धरायचं ते हातानं करून दाखवलं.

पुढचं तुम्हाला वाटतंय तसं झालं नाही. सरांचं काही वाकडं झालं नाही. सिटीनं, म्हणजे इथल्या महानगरपालिकेनं, खिडकी मोठी करायला लावली. हेलनबाईंनी वर कळवलं, तर वरच्या लोकांनी सरांना काय शिक्षा दिली? एक रिफ्लेक्शन लिहायला लावलं. या अनुभवातून मी काय शिकलो, एक पान. ते त्यांनी इतकं सुंदर लिहिलं म्हणतात की डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना वाचायला दिलं. बक्षीस मिळालंच, प्रत्यक्ष अनुभवातून शिकवल्याबद्दल. आम्हाला घर सोडायला सांगितलं, "तुमच्याच सेफ्टीसाठी." त्या दिवशी दार वाजवलं तेव्हाही अंगठीनंच.

आणि पूर्वाला पास केलं. चांगले मार्क दिले. बोलावून म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं ना एव्हिडन्स हवा? आय पुश्ड यू." तिच्या पेपरची केस स्टडी करायची परवानगी मागितली. ती नाही म्हणाली. सरांनी त्यातून तिचं नाव वगळलं आणि केस स्टडी केलीच. मी वर्गात परत गेलो नाही. सरांनी दोनदा बोलावलं, म्हणाले आता तुमच्यासाठी मोठा रोल आहे. माझं पोट एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवलं जातंय, शाळेला कळलं तर माझा सत्कार करतील.

अंगठीच्या दिवशी पूर्वानं आम्हाला दोघांना बोलावलं. आत बाहेरच्यांना घेत नव्हते, आम्ही कॉरिडॉरमध्ये थांबलो. ती बाहेर आली, करंगळी पुढं केली. सुरेखानं अंगठी बोटानं चाचपली, सोनं चाचपतात तशी. म्हणाली, "टोचंल की कणीक मळताना."

"टोचायसाठीच असते ती काकू," पूर्वा म्हणाली.

सर आतून बाहेर पडत होते. पोरांच्या गराड्यात कुणाच्या तरी आईला सांगत होते की हे लोखंड एका पडलेल्या पुलाचं आहे. ती बाई डोळे पुसत होती. पूर्वानं ऐकलं आणि मला म्हणाली, "चला काका, भूक लागून राहिली." आता ती कोक्विटलामला असते. फोन करते अधूनमधून. तिकडं पाऊस फार, म्हणते, आणि तुम्ही वजन कमी केलं का.

सरांना मी शेवटचं बघितलं ते परवाच्या हिवाळ्यात. सुरेखाचा कोट ऑनलाइन मागवला होता, तो जुन्या पत्त्यावर गेला. मी आणायला गेलो. बेल वाजवली, कुणी येईना. सवयीनं ड्राइव्हवेवरून घराच्या बाजूला गेलो. आमची खिडकी खरंच मोठी झालेली, मस्त डबल काचेची, बाहेर उतरायला खड्डा आणि खड्ड्यात छोटी शिडीसुद्धा. मी आत पडलो तरी अडकणार नाही इतकी मोठी.

वाकून बघितलं तर आतून खिडकीला खोक्यांची थप्पी लावलेली, जवळजवळ सगळी काच झाकणारी. सगळ्यांवर एकच चित्र छापलेलं, खिडकीत अडकलेला एक जाडा माणूस. सरांची केस स्टडी, पुस्तक होऊन आलेली. खोक्यांच्या मधल्या फटीतून खोली दिसत होती. जमिनीवर गादी, चुरगळलेली रजई, राइस कुकर, आणि कुणा पोराचे उन्हाळी सँडल. जिन्याच्या पायथ्याशी शेगडी तशीच.

आणि खोक्यांमागे सर. मला बघून त्यांना आनंद झालेला दिसला. हातात माझं पार्सल होतं. खिडकी उघडून द्यावं म्हणून हात लांबवला, तर कडीपर्यंत हात पोचेना. एक खोका उचलून बघितला, जड होता. मग फटीतून हात घालून काचेवर अंगठी वाजवली, टक टक, आणि खुणेनं सांगितलं, पुढच्या दारानं या.

मी तिथंच बर्फात बसलो आणि फोन काढला. सिटीचा नंबर फोनमध्ये होताच, पूर्वानं घालून दिलेला. रिंग जात होती. काचेच्या आत सर काहीतरी बोलत होते, भुवया उंचावून विचारत होते, काय चाललंय. मी हात वर करून म्हटलं, "हलू नका, सर. प्रोसेस सुरू झालीय."

काच चांगली होती, त्यांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि अंगठा वर करून दाखवला.